हिरवळ कुणाच्या पाण्यावर?

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

खेळाची मोठी मैदानं, स्टेडियम आणि खेळाडूंची वसतिगृहं पर्यावरणाला न ओरबाडता कशी बांधायची, हा आजचा विषय आहे. काही जणी म्हणतील, आमचा स्टेडियमशी काय संबंध? आम्हाला गल्लीतल्या नळाची चिंता. आम्ही हा विषय घेतला तो त्या नळामुळेच. मैदानाला पाणी लागतं, वसतिगृहाला पाणी लागतं, आणि आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाणी एकीकडे वळलं की दुसरीकडे कमी पडतं. शिवाय आपल्या लेकी आता कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावण्याच्या शर्यती खेळू लागल्या आहेत. शहरात गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. विद्यापीठाच्या आवारात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथे खेळाडू राहून सराव करतात. तालुक्यालाही चांगलं संकुल हवं, असं आपणच म्हणतो. मग ते कसं बांधावं, हेही आपल्याला सांगता यायला हवं.

आधी हिशोब मांडू

बचत गटात आपण हिशोबानं चालतो, इथेही तसंच करू. एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा: १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी पडलं, तर ते बरोबर १ लिटर होतं.

४०० मीटरच्या धावपट्टीच्या आत फुटबॉलचं मैदान असतं. ते साधारण ७,००० चौरस मीटरचं. त्यावर हिरवळ लावली आणि उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी दिलं, तर दिवसाला ३५,००० लिटर लागतात. म्हणजे १० हजार लिटरचे साडेतीन टँकर, तेही रोज. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या मापानं हे ६०० हून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. एखाद्या लहान गावाचं म्हणा ना.

आता दुसरं मैदान बघा. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, म्हणजे ९६ चौरस मीटर. धूळ बसावी म्हणून त्यावर २ मिलिमीटर पाणी शिंपडलं, तर २०० लिटरसुद्धा लागत नाहीत. एका ड्रमात काम होतं.

एकीकडे साडेतीन टँकर, दुसरीकडे एक ड्रम. मैदान पाण्याला भारी पडणार की नाही, याचा मोठा निर्णय इथेच होतो, कागदावर नकाशा काढताना. एकदा हिरवळ लावली की ती जगवण्यासाठी दर उन्हाळ्यात पाणी शोधत फिरावं लागतं.

२०१६ चा उन्हाळा

हा प्रश्न आपल्या राज्यात एकदा थेट न्यायालयात गेला होता. २०१६ चा उन्हाळा तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. मराठवाड्यात दुष्काळ होता. लातूरला प्यायला पाणी नव्हतं म्हणून मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिला टाकीचे १० डबे होते. एका डब्यात सुमारे ५०,००० लिटर, म्हणजे सगळे मिळून ५ लाख लिटर पाणी आलं.

त्याच दिवसांत मुंबई, पुणे आणि नागपूरला आयपीएलचे क्रिकेट सामने व्हायचे होते. त्यासाठी मैदानांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा चर्चेत होता. लातूरच्या रेल्वेच्या मापानं त्या १२ गाड्या झाल्या. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. लातूरला गाडी पोहोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, न्यायालयानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. अंतिम सामनासुद्धा मुंबईऐवजी बंगळूरुला झाला.

यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काही जण म्हणाले, सामने हलवल्यानं लातूरच्या हंड्यात एक थेंब वाढणार नाही, आणि पाण्याचा मोठा खप तर उसाला होतो. त्यात तथ्य होतं. तरी न्यायालयानं एक क्रम लावून दिला: आधी माणसाचा घसा, मग मैदानाची हिरवळ. आणि त्या सुनावणीत एक कामाची गोष्ट पुढे आली. मैदानाला प्यायचं पाणी कशाला, शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, अशी तयारी क्रिकेटच्या लोकांनी दाखवली. हे शहाणपण मैदान बांधतानाच वापरलं असतं, तर कदाचित न्यायालयाची पायरी चढायची वेळ आली नसती.

आता तो अंतिम सामना जिथे गेला, त्या बंगळूरुचीच पुढची गोष्ट ऐका. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरुतही पाण्याची मोठी टंचाई झाली आणि पुन्हा आयपीएलच तोंडावर होती. तिथे सामने हलवावे लागले नाहीत. जवळच्या कब्बन पार्कमध्ये सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प आहे. त्यातलं पाणी चिन्नास्वामी स्टेडियमच्या मैदानाला द्यायचं ठरलं, सामन्याच्या दिवशी सुमारे ७५,००० लिटर. या स्टेडियमच्या छपरावर २०१५ सालीच सौर पत्रे बसवलेले आहेत. टंचाई दोन्हीकडे होती. बंगळूरुत मात्र दुसऱ्या पाण्याची सोय जवळच तयार होती.

एका आवारात तीन पाणी

हे आपल्याला नवं नाही. भाजी धुतलेलं पाणी आपण तुळशीला घालतो, अंघोळीचं पाणी परसबागेत सोडतो. मोठ्या संकुलात हेच नळ आणि टाक्या वेगळ्या ठेवून करायचं असतं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी एका नळानं, शौचालयाचं दुसऱ्या, झाडांचं आणि मैदानाचं तिसऱ्या. बांधतानाच नळ वेगळे टाकले तर खर्च थोडा वाढतो. नंतर करायचं म्हटलं तर फरशा फोडाव्या लागतात, मग ते कुणी करत नाही.

छपरावरच्या पावसाचाही हिशोब करू, कारण त्याबद्दल फार मोठमोठं बोललं जातं. समजा संकुलाच्या बंदिस्त सभागृहाचं छप्पर १,००० चौरस मीटरचं आहे. वाईट वर्ष धरू आणि पाऊस ४०० मिलिमीटरच पडला म्हणू. थोडं पाणी वाया जाणारच, पाचवा हिस्सा सोडून देऊ. तरी ३ लाख २० हजार लिटर हाती येतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण रोज ३५,००० लिटर पिणाऱ्या त्या हिरवळीला हे पाणी जेमतेम ९ दिवस पुरेल. तेच पाणी ५० मुलींच्या शौचालयाला आणि हातपाय धुवायला वापरलं, तर? प्रत्येकीला २० लिटर धरले तर रोजचे १,००० लिटर होतात, आणि पाणी ३२० दिवस पुरतं. जवळजवळ सगळं वर्ष निघालं. अर्थात एवढं पाणी साठवायला टाकीही तशी मोठी लागते. ती जमिनीखाली बांधायची असते, म्हणून तिची जागा नकाशात आधीच धरावी लागते.

आता वसतिगृहाचं बघा. ६० मुली राहतात आणि अंघोळ-धुणं मिळून प्रत्येकी ६० लिटर पाणी सांडतं असं धरा. रोज ३,६०० लिटर झाले. हे पाणी खडी आणि वाळूच्या थरातून नेलं आणि त्यात कर्दळ लावली, तर ते बरंच निवळतं. झाडाला रोज २० लिटर म्हटलं तरी १८० झाडं त्यावर जगतात. मैदानाभोवती कडुनिंब, करंज, चिंच यांची दाट सावली उभी राहते, तीसुद्धा टँकरशिवाय. मात्र हे पाणी प्यायचं नाही आणि डबकं करून साचू द्यायचं नाही, नाहीतर डास होतात.

प्लॅस्टिकची हिरवळ हा उपाय आहे का?

काही जण सुचवतात, मग कृत्रिम हिरवळ टाका, पाणीच नको. तिथेही जरा थांबून विचार करावा. ती उन्हात चांगलीच तापते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं. ती झिजते तसे प्लॅस्टिकचे बारीक तुकडे मातीत जातात. हॉकीच्या कृत्रिम मैदानाला तर खेळाआधी पाणी शिंपडावं लागतं. हे पाणी कमी करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीसाठी असं मैदान वापरलं, की ज्याच्या धाग्यांसाठीचा बराचसा कच्चा माल उसापासून आला होता, आणि त्याला पाणीही कमी लागत होतं. हॉकीची गरज वेगळी आहे, तिथे ते ठीक. पण तालुक्याच्या गावात मुली काय खेळतात ते आधी बघा. कबड्डी आणि खो-खो मातीवर चालतात, कुस्तीला तांबड्या मातीचा हौदा लागतो. धावायला चांगली दाबलेली मुरमाची किंवा मातीची पट्टी चालते. मराठवाड्याच्या मातीला साजेसे खेळ आपल्याकडे आधीपासूनच आहेत. शहरातल्या फोटोतली हिरवळ पाहून आपलं मैदान आखलं, तर ती चैन उन्हाळ्यात गावाच्या पाण्यावर चालते.

खेळाडूला रात्री झोप लागली पाहिजे

आता राहण्याच्या जागेकडे वळू. दिवसभर घाम गाळलेल्या पोरीला रात्री झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी ती काय धावणार? त्यामुळे वसतिगृह थंड असणं ही चैन नव्हे, ती सरावाचाच भाग आहे.

पॅरिसमध्ये खेळाडूंचं गाव बांधताना ठरवलं होतं की खोल्यांमध्ये एसी नको. जमिनीखालून गार केलेलं पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरवायचं, आणि भिंती अशा करायच्या की ऊन आत शिरणार नाही. विचार चांगला होता. पण ऐन स्पर्धेत उकाडा वाढला, आणि अनेक देशांनी आपापल्या खेळाडूंसाठी फिरते एसी मागवले. आपल्या क्रीडा मंत्रालयानंही भारतीय खेळाडूंच्या खोल्यांसाठी ४० एसी पाठवले. यातून शिकायचं ते असं: वीज वाचवणारी रचना करा, पण तिथे झोपणाऱ्या माणसाला विचारून करा. उकाड्यात तळमळणारा माणूस शेवटी विजेचं यंत्र आणतोच, मग बचतही जाते.

थंडाव्याचं ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. शहरातली पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळ्यांतून जमिनीखालून पाणी तिथे आणलं आहे. तिथला मोठा हौद खालच्या दालनाचं छत झाला आहे. वर पाणी, खाली माणसांची बसायची जागा, त्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन गार राहतं. आणि आपल्या खेड्यांतली जुनी माळवदाची घरं आठवा. जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, त्यामुळे दुपारी आत गेलं की जीव शांत होतो. तीच जागा पत्र्याच्या खोलीनं घेतली, आणि दुपारी आत बसवेना.

आज कुणी माळवद बांधा म्हणणार नाही. पण त्यातलं तत्त्व नव्या इमारतीतही वापरता येतं. इमारतीच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला ठेवायच्या, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतीवरच पडतं. पश्चिमेला खिडक्या कमी आणि झाडं जास्त. खिडकीवर चांगला रुंद छज्जा. समोरासमोर खिडक्या, म्हणजे वारा आरपार जातो. भिंत दुहेरी करून मध्ये पोकळी ठेवली तर उष्णता आत यायला वेळ लागतो. गच्चीला पांढरा रंग किंवा चुना दिला तर ऊन परतून जातं. यातल्या बहुतेक गोष्टींना वीज लागत नाही. पण घराचं तोंड नंतर फिरवता येत नाही, तेही नकाशातच ठरतं.

खेळ संपल्यावर काय?

मोठ्या स्पर्धांसाठी कोट्यवधींची बांधकामं होतात आणि स्पर्धा संपल्यावर त्यांना कुलूप लागतं. सिमेंट, लोखंड, वीट बनवताना जो कोळसा जळला तो जळलाच. म्हणून जी इमारत वर्षानुवर्षं वापरात राहते, ती पर्यावरणाला सगळ्यात स्वस्त पडते.

आपल्या राज्यातलं उदाहरण पुण्याच्या बालेवाडीचं आहे. तिथलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. तिथेच २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, आणि २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धाही. एकदा बांधलं ते पुन्हा पुन्हा कामी आलं. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी खेळाडूंची घरं बांधली, तेव्हा त्यांत स्वयंपाकघरं बसवली नव्हती, कारण खेळाडू एकत्र भोजनगृहात जेवत. स्पर्धा संपल्यावर स्वयंपाकघरं बसवली आणि सुमारे २,८०० कुटुंबांसाठी घरं तयार झाली. पुढे तिथे कोण राहणार, हे आधीच ठरलेलं होतं. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी खेळाडूंची वस्ती यमुनेच्या काठी बांधली, तेव्हा नदीच्या पुराची जागा अडवली म्हणून मोठा वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून पहिला प्रश्न जागेचा. ओढ्याची वाट, गावाचं गायरान किंवा पाझर तलावाचा पोट भाग मैदानासाठी घेतला जात असेल, तर त्यावर कितीही सौर पत्रे बसवले तरी ते पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही.

आपण काय विचारायचं?

मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, तो आपला हक्क आहे. गावात व्यायामशाळा किंवा मैदान येणार असेल, तर त्या सभेत विषय मांडता येतो. तालुक्याच्या संकुलाबद्दल ग्रामसंघाच्या वतीनं तालुका क्रीडा अधिकारी किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी यांना लेखी पत्र देता येतं. पत्राची पोच घ्यायला विसरू नका. विचारायचे प्रश्न साधे आहेत:

१. जागा कुणाची आहे, आणि पावसाळ्यात तिथून पाणी कुठे वाहतं?

२. हिरवळ लावणार आहात का? असेल तर एप्रिल-मे महिन्यात रोज किती लिटर पाणी लागेल, आणि ते कुठून येईल?

३. छपराचं पाणी कोणत्या टाकीत जाईल, आणि अंघोळीच्या पाण्याचं काय होईल?

४. मुलींसाठी वेगळं शौचालय आणि कपडे बदलायची खोली आहे का? दाराला आतून कडी, आत दिवा, नळाला पाणी, आणि पाळीचे पॅड टाकायची नीट सोय आहे का?

५. वसतिगृहाच्या खोल्यांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत? छप्पर पत्र्याचं असेल तर ऊन अडवायला खाली काय घातलं आहे?

६. दिवे आणि पंप सौरऊर्जेवर चालतील का? पत्रे पुसायचं आणि बिघाड दुरुस्त करायचं काम कुणाकडे?

७. स्पर्धा नसतील तेव्हा मैदान कोण वापरणार? गावातल्या मुली आणि बायांसाठी वेळ राखून ठेवली आहे का?

चौथ्या प्रश्नावर आम्ही मुद्दाम जोर देतो. पाणी वाचवायच्या नावाखाली शौचालयाला कुलूप लागलं, की पहिल्यांदा मुली मैदान सोडतात. कुणी काही बोलत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पोरगी सरावाला येत नाही. पाण्याची खरी बचत हिरवळीत होते, ती मुलींच्या नळात शोधू नका, हे आपण ठणकावून सांगायचं.

या कामात गटांना रोजगारही आहे. सावलीच्या झाडांची रोपवाटिका, कर्दळीच्या पट्ट्याची देखभाल, वसतिगृहाचं जेवण, अशी कामं गट घेऊ शकतात. पण त्यासाठी संकुलाचा आराखडा ठरत असतानाच तिथे हजर राहावं लागेल.

मैत्रिणींनो, आपल्या लेकींनी खूप खेळावं, जिंकावं, त्यांच्यासाठी चांगली मैदानं व्हावीत. त्यांच्या मैदानासाठी कुणाच्या आईला हंडा घेऊन लांब जावं लागू नये, एवढंच आपलं मागणं आहे. येत्या बैठकीत हे सात प्रश्न वहीत उतरवून घ्या. तुमच्या गावाच्या किंवा शाळेच्या मैदानाला उन्हाळ्यात किती पाणी लागतं, तेही मोजून बघा. हिशोब आपल्याला येतोच.